शेवटच्या ठरावाचे अनुमोदक

ओंकार, मागच्या रविवारी तू फोनवर सांगितलंस की तुझी कंपनी दुसऱ्या एका कंपनीनं घेतली. सकाळी तू कामावर गेलास तेव्हा दारावरची पाटी तीच होती, तुझी खुर्ची तीच होती, कॉफीचं यंत्रसुद्धा तेच होतं. दुपारी एक पत्र आलं आणि तुझ्या शेजारी बसणारी मुलगी आपलं सामान खोक्यात भरायला लागली. "कुणी ओरडलं नाही, कुणी भांडलं नाही. नेमकं काय झालं तेच कळलं नाही गं आजी," असं तू म्हणालास. मग सई, तू मधेच विचारलंस, आपल्याकडचे पक्षच्या पक्ष नावासकट आणि चिन्हासकट या घरातून त्या घरात गेलेले बातम्यांत दिसतात, तोही टेकओव्हरच का? मी म्हणाले, "हो, ताबाच तो." आणि तुमच्याकडे थंडी किती आहे ते विचारलं.

खरं उत्तर मोठं होतं आणि त्यात मी होते, म्हणून विषय बदलला. आता लिहिते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागेल, आईकडून वाचून घ्या. पत्रात खाडाखोड दिसेल. तुमची आजी वाण्याची यादीसुद्धा पट्टीनं रेघा मारून लिहिते हे तुम्हाला माहीत आहे. या वेळी मात्र मी पक्की प्रत काढलेली नाही. खोडलेलं तसंच ठेवलं आहे.

आमच्या भांडारात एक मास्तर होते. शाळेचे मास्तर नव्हेत, एस.टी.चे कंडक्टर. आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात. त्यांचं नाव मी लिहीत नाही. एकदा नको तिथं लिहिलं, तेवढं पुरे झालं.

भांडार म्हणजे आमची ग्राहक सहकारी संस्था. साखर, तेल, डाळी, वह्या, साबण अशा वस्तू रास्त भावात मिळाव्यात म्हणून एस.टी.च्या लोकांनी, गिरणीतल्या कामगारांनी आणि काही शिक्षकांनी ती काढलेली होती. मालक कुणीच नाही आणि सगळेच. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, म्हणून साबणाच्या आणि चहाच्या कंपन्यांना इंग्रजीत पत्रं लिहायला मला घेतलं. पुढं मी सचिव झाले आणि सव्वीस वर्षं राहिले. मागच्या खोलीत चार बायका धान्य निवडत बसायच्या. त्यांच्या सुपांचा आवाज दिवसभर माझ्या कानावर असायचा. आजही दुपारी घर शांत असलं की मी तो आवाज ऐकायचा प्रयत्न करते.

मास्तर कधी बसत नसत. संचालकांच्या बैठकीत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवलेली असे, ते तिच्यामागे उभे राहत. डावा पाय टेबलाच्या पायाला टेकलेला, उजवा हात वर खिडकीच्या गजाला धरलेला. आपली इमारत आता वळण घेणार आहे, अशा बेतानं. मी एकदा म्हणाले, "मास्तर, ही जागची हलत नाही. बसा." ते म्हणाले, "बाई, हलत न्हाई असं वाटतंय तवाच झटका बसतोय."

दुसरी सवय माणसं मोजायची. लग्नात, बारशात, दवाखान्याच्या रांगेत, कुठंही गेले की ओठ हलायला लागत आणि बोट मांडीवर टिचकी मारत राही. स्मशानातसुद्धा. एकदा आमच्या एका जुन्या संचालकांना पोचवून परत येताना म्हणाले, "एकशे चार. माणूस चांगला हुता." हातकणंगल्याच्या मार्गावर त्यांनी बरीच वर्षं काढली होती, आणि त्यांचा नियम एकच होता: "मुंडकी मोजल्याबिगार गाडी हलवायची न्हाई." दिवाळीआधी भांडाराच्या दारात रांग लागली की ते न बोलावता येत आणि सुरू होत, "पुढं सरका, पुढं सरका, पावणं! मागं अजून पंचवीस माणूस मावतंय!" रांगेतल्या बायका हसत. एक जण म्हणाली होती, "मास्तर, तेलाच्या डब्यात बसवतासा काय आमास्नी?" "बसतासा काय? हाप तिकीट घेतो," मास्तर म्हणाले.

आणि तिसरी सवय म्हणजे तो पंच. तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा. डेपोत तिकिटाची यंत्रं आली तेव्हा जुने पंच परत द्यायचे होते. त्यांच्याकडे एक राहिला कसा, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सदऱ्याच्या खिशात तो कायम असे आणि त्याच्या वजनानं सदऱ्याची एक बाजू खाली ओढलेली असे.

हा पंच आमच्या सभेत महत्त्वाचा होता. तुम्हाला थोडं समजावून सांगते. सहकारी संस्थेत वर्षातून एकदा सगळ्या सभासदांची सभा होते. ठराव मांडणारा तो सूचक. दुसऱ्या कुणीतरी उठून त्याला पाठिंबा द्यायचा, तो अनुमोदक. अनुमोदक नसेल तर ठराव पुढं जात नाही. आमच्याकडे एक प्रथाच पडून गेली होती, की शेवटचा ठराव आभाराचा आणि त्याला अनुमोदन मास्तरांचं. ते तोंडानं काही बोलत नसत. पंच काढून लोखंडी खुर्चीच्या पाठीवर दोनदा आपटत. टण, टण. एस.टी.त एक घंटा म्हणजे थांब आणि दोन घंटा म्हणजे चल. मास्तरांची डबल वाजली की सभा संपली, माणसं हसत हसत चहाकडे वळत. "मास्तरनं डबल दिली" हा आमच्या भागात वाक्प्रचारच झाला होता. पोरीचं लग्न ठरवतानासुद्धा लोक विचारायचे, "मास्तर, द्यायची का डबल?" आणि मास्तर सगळी चौकशी केल्याशिवाय ती देत नसत.

भांडाराचे निम्मे सभासद त्यांच्या शब्दावर झालेले होते. गाडीतून उतरणाऱ्या माणसाला ते अर्ज देत. हुपरीची पैंजण घडवणारी कुटुंबं, शाहूवाडीकडून शहरात आलेले लोक, सगळ्यांना एकच सांगणं: "माझ्या नावावर या. फसलासा तर मला धरा."

आता माझ्याबद्दल. सभेत जे घडतं ते एका जाड वहीत लिहावं लागतं. तिला आम्ही प्रोसिडिंग म्हणायचो. या वहीत खाडाखोड चालत नाही. झाली तर शेजारी सही करावी लागते, कारण द्यावं लागतं. माझ्या सव्वीस वर्षांच्या वहीत एकही खोडलेला शब्द नाही. तपासायला आलेले अधिकारी ती वही दुसऱ्या संस्थांना दाखवायला मागून नेत. याचं गुपित असं, की मी प्रोसिडिंग सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवत असे. विषय ठरलेले, ठराव ठरलेले, उठणारी माणसंही ठरलेली. हजर किती आणि सभा संपली किती वाजता, एवढ्या दोन जागा मोकळ्या ठेवायच्या आणि नंतर भरायच्या. त्यात काही चूक आहे असं मला कधी वाटलं नाही. मला ती शिस्त वाटायची.

मास्तरांना हे माहीत होतं. ते चेष्टा करत, "बाई, तुमची गाडी सुटायच्या आधीच पोचलेली असती की ओ!"

ताबा कसा घेतात ते मास्तरांनी मला आधीच सांगितलं होतं. एकदा दुपारी अर्जांचा एक गठ्ठा आला. एकोणचाळीस नवे सभासद, सगळ्यांचं अक्षर एक आणि पत्ताही एक. ते अर्ज पाठवणारे होते आमच्या भागातले एक तरुण पुढारी. सगळे त्यांना दादा म्हणत. गोड बोलणारे, वाकून नमस्कार करणारे. त्यांच्याकडे आधीच दोन-तीन संस्था होत्या, आणि भांडाराची जागा अगदी रस्त्यावरची होती.

मास्तरांनी पत्ता वाचला आणि कुणाला न सांगता तिथं गेले. तासाभरानं परत आले, खिडकीच्या गजाला हात घातला आणि म्हणाले, "बाई, एकच खोली हाय. एक म्हातारी बसली हुती. म्हटलं, हितं एकोणचाळीस माणसं ऱ्हात्यात न्हवं? तर ती म्हणती, मी एकली हाय बाबा, आन् ही शेळी धरलीस तर दोन."

संचालक खो खो हसले. एक जण म्हणाले, "असू देत की ओ मास्तर. सभासद वाढलं तर संस्था मोठी हुईल."

मास्तर हसले नाहीत. "गाडी पळवायची असली तर डायवरला माराय लागत न्हाई," ते म्हणाले. "प्याशिंजर बदलायचं. मग प्याशिंजरच म्हणतंय, गाडी तिकडं घ्या. डायवर काय करील? आन् पोलिसात काय सांगशिला? गाडी हाय, डायवर हाय, पाटी हाय. गेलं काय तुमचं?"

ओंकार, तुला जे कळलं नाही त्याचं याहून चांगलं उत्तर मला अजून कुठं मिळालेलं नाही. इंग्रजी पुस्तकांतसुद्धा नाही.

पण ते अर्ज मी दाखल करून घेतले. प्रत्येक रकाना भरलेला होता, प्रत्येक ठिकाणी सही होती. अपुरा अर्ज मी परत पाठवत असे. पूर्ण भरलेला अर्ज परत करायला मला कारण सापडलं नाही. मग असे आणखी गठ्ठे आले. प्रत्येक वेळी मास्तर विचारत, "मोजलीसा काय मुंडकी?" आणि मी म्हणे, "कागद बरोबर आहेत, मास्तर."

पुढच्या निवडणुकीत जुने संचालक पडले आणि दादा अध्यक्ष झाले. पहिल्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले, पाया पडले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही." मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? खूप बरं वाटलं.

त्या वर्षीची सभा जवळ आली. मी नेहमीप्रमाणे आदल्या दिवशी दुपारी वही उघडली. रेघा मारल्या, प्रत्येक ठरावाची चौकट आखली आणि खाली सूचक-अनुमोदकांची नावं लिहून टाकली. मजकूर मागाहून यायचा होता. शेवटच्या चौकटीखाली, हाताला सवय होती म्हणून, मास्तरांचं नाव लिहिलं. मग दादांकडून मजकुराचे कागद आले. त्यात आभाराला क्रमांकच नव्हता. शेवटचा ठराव होता, भांडार दादांच्या मोठ्या संस्थेत विलीन करण्याचा. जागेसकट.

मास्तर गेले सहा महिने घरोघर फिरून याच ठरावाविरुद्ध बोलत होते. आणि वहीत त्याच ठरावाखाली त्यांचं नाव अनुमोदक म्हणून पडलं होतं, माझ्या अक्षरात, शाईनं.

मी दादांना फोन केला. "एक नाव चुकून पडलंय, ते खोडावं लागेल."

"कुणाचं?"

"मास्तरांचं. शेवटच्या ठरावाला."

ते म्हणाले, "राहू दे की बाई. तुमची इतक्या वर्षांची वही, कशाला डाग लावताय? उद्या सभा होऊ दे, मग बघू."

मी वहीकडे बघत बसले. सव्वीस वर्षांत एक रेघ वाकडी नव्हती. उद्या बघू, असं मीही मनाशी म्हटलं आणि शेवटच्या चौकटीत ठरावाचा मजकूर भरला.

सभा एका शाळेच्या सभागृहात होती. सकाळपासून भाड्याच्या गाड्या येऊन थांबत होत्या. उतरणाऱ्या प्रत्येकाला दारात स्टीलचा एक डबा भेट मिळत होता. पुढच्या सगळ्या रांगा भरल्या त्या मी कधी न पाहिलेल्या लोकांनी. मास्तर भिंतीकडेला उभे होते आणि बोट मांडीवर चालू होतं. माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "बाई, ह्या गाडीत आपलं प्याशिंजर अठराच हाय."

दादांनी विषय क्रमांक एक वाचायला घेतला. वाक्य पुरं व्हायच्या आत पुढून गजर उठला, "मंजूर! मंजूर!" विषय दोन, मंजूर. विषय तीन, मंजूर. गॅसवर ठेवलेलं दूध उतू जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आम्ही शेवटच्या ठरावाला पोचलो. दादांनी अर्धी ओळ वाचली असेल. तेवढ्यात मास्तरांनी पंच काढला आणि समोरच्या खुर्चीच्या पाठीवर एकदाच आपटला.

टण.

जुन्या अठरा जणांना त्याचा अर्थ कळला. मास्तर म्हणाले, "थांबा. माझा इरोध हाय. लिवून घ्या, बाई."

पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ओ मास्तर, घंटा कसली वाजवतासा? गाडी सुटली की!" आणि हशा झाला, आणि हशातूनच गजर उठला, "मंजूर! मंजूर!" खुर्च्या सरकल्या, लोक जेवणाकडे निघाले. मास्तर हात वर करून उभे होते. माणसं त्यांच्या दोन्ही बाजूंनी जात होती. एकानं आपला डबा त्यांच्या वर केलेल्या हातात दिला आणि म्हणाला, "घ्या, तुमचा ऱ्हायला काय?"

माझ्यापुढं वही उघडी होती. पेन हातात होतं. मी हजर सभासदांचा आकडा भरला. सभा संपल्याची वेळ भरली. मग दादांनी सहीसाठी वही मागितली आणि मी दिली.

पंधरा दिवसांत मास्तरांना कुणीतरी नक्कल दाखवली. ते माझ्याकडे आले नाहीत. त्यांनी सहकार खात्याकडे तक्रार केली आणि आम्हा दोघांना सुनावणीला बोलावलं गेलं. अधिकारी सभ्य होते. त्यांनी वही पाहिली, पानं चाळली, माझ्या अक्षराचं कौतुक केलं. मग मास्तरांना विचारलं, "अनुमोदक तुम्ही, आणि हरकतही तुमचीच. हे कसं?"

"साहेब, मी डबल दिली न्हाई. शिंगल दिली."

"म्हणजे?"

मास्तरांनी समजावून सांगितलं. अधिकाऱ्यांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. "इथं तर स्वच्छ लिहिलंय. वहीत काही चूक आहे असं तुमचं म्हणणं आहे का?"

बाळांनो, मास्तर फक्त एक वाक्य बोलले असते तरी पुरे होतं. बाई आदल्या दिवशी लिहितात. त्यांना ते सव्वीस वर्षं माहीत होतं. त्यावर त्यांनी शंभर वेळा चेष्टा केली होती. ते खिडकीच्या गजाला धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ते बाई सांगतील, साहेब. त्या सांगतील ते खरं."

सुनावणीच्या आदल्या दिवशी दादा घरी येऊन गेले होते. दमदाटी काही नाही. माझ्या हातचा चहा घेतला आणि म्हणाले, "बाई, एक ठराव आधी लिहिला होता असं म्हटलंत, तर लोक विचारतील, बाकीचे कधी लिहिले? मग सव्वीस वर्षांचं सगळंच संशयात. तुमचं नाव, जुन्या माणसांचं नाव. मला काय, मी दुसरी सभा घेईन." दुसरी सभा घेतली असती तरी निकाल तोच लागला असता, हे मी मनाशी घोकत राहिले. अजूनही कधी कधी घोकते. ते खरंही असेल. पण मग त्या ठरावाखाली मास्तरांचं नाव नसतं.

मी अधिकाऱ्यांना म्हणाले, "इतिवृत्त नियमाप्रमाणे लिहिलेलं आहे."

"लेखी द्याल?"

मी लेखी दिलं. एक ओळ. एकही अक्षर खोडावं लागलं नाही.

जिना उतरताना मला वाटलं, आता हे बोलतील. कोल्हापूरचा माणूस चिडला की गल्ली गोळा होते, हे तुम्ही तुमच्या आजोबांकडून ऐकलं आहे. शिव्या खायची माझी तयारी होती. खरं सांगायचं तर मी त्यांची वाट बघत होते. मास्तर रस्त्यावर आले, डावीउजवीकडे पाहिलं आणि म्हणाले, "घरला कशा जाणार, बाई? ऊन लई हाय. रिक्षा बघतो." त्यांनी रिक्षा थांबवली, मला बसवलं, रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. आणि मग खिशातून पंच काढून रिक्षाच्या दांडीवर दोनदा वाजवला.

टण, टण.

तो पंच मी त्यानंतर कधी पाहिला नाही. सदऱ्याचा खिसा रिकामाच असे.

भांडार गेलं. धान्य निवडणाऱ्या चार बायकांना कामाला 'या' म्हणणारं कुणी राहिलं नाही. सुपं कुठं गेली कोण जाणे. जागेवर काचेची इमारत उभी राहिली, तिच्यावर दादांचे हसरे फलक लागले. पुढं दादा ज्या पक्षात होते तो पक्षही असाच दुसऱ्या कुणीतरी घेतला, आणि दादा प्याशिंजरांसकट तिकडे गेले. चहाच्या गाडीवर टीव्ही चालू होता, मास्तर उभे राहून बघत होते. कुणीतरी विचारलं, "मास्तर, आता खरा पक्ष कुठला ओ?" मास्तर म्हणाले, "ज्याच्याकडं वही हाय त्यो." मी भाजी घेत होते. त्यांना मी दिसले नव्हते.

त्यांचं सगळ्यात मोठं नुकसान लोकांनी केलं. जे त्यांच्या नावावर आले होते, त्यांनी त्यांनाच धरलं. "फसलो तर तुमास्नी धरायचं म्हणालासा न्हवं? तुमीच डबल दिली की!" मास्तर म्हणत, "मी दिली न्हाई." समोरचा म्हणे, "आता बाई काय खोटं लिवतील? मोत्यावानी अक्षर हाय तितं." एका लग्नात एका टवाळानं भर मांडवात विचारलं, "मास्तर, मुलीकडच्यांनी इचारलंय, हितं बी डबल देतासा काय?" ते न जेवता उठून गेले. नंतर लग्नाकार्यात जाणंच त्यांनी सोडलं. बाजारात भेटले की मला म्हणत, "बाई, बरं हाय न्हवं?" मी म्हणे, "बरं आहे, मास्तर." दहा-बारा वर्षं आम्ही एवढंच बोललो. प्रत्येक वेळी मला वाटे, पुढच्या वेळी सांगू.

गेल्या महिन्यात ते गेले. शोकसभा त्या काचेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर होती. मी गेले. काठी टेकत जिना चढले तेव्हा मास्तरांची मुलगी दाराशीच भेटली. तिनं माझा हात धरला, मला पुढच्या रांगेत बसवलं आणि कानाशी वाकून म्हणाली, "बाई, एक इचारू? आबा शेवटपातूर म्हणायचं, मी डबल दिली न्हाई. आमी म्हणायचो, असू द्या की ओ आबा, झालं गेलं, कशाला उगाळतासा? मग गप व्हायचं." तिचे डोळे भरले. "दिलीती काय ओ त्यांनी? तुमी हुतासा की तितं."

मी म्हणाले, "सभेत सांगते. सगळ्यांसमोर सांगते."

हे मी मनापासून म्हणाले. जिना चढतानाच ठरवून आले होते. वाक्यसुद्धा तयार होतं.

संस्थेचा कारकून उठला. त्याच्या हातात छापलेला कागद होता. त्यानं शोकठराव वाचायला सुरुवात केली. मास्तर मनमिळाऊ होते. मास्तर कष्टाळू होते. मास्तरांनी विलीनीकरणाच्या ऐतिहासिक ठरावाला अनुमोदन देऊन संस्थेच्या प्रगतीचा पाया घातला. सूचक, माननीय अध्यक्ष. अनुमोदक, संस्थेच्या माजी सचिव. आणि त्यानं माझं नाव वाचलं.

मला कुणी विचारलेलं नव्हतं. नाव आधीच छापून आलं होतं.

मी उठले. काठी वर उचलली आणि फरशीवर एकदा आपटली, जोरात.

पाठीमागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं. जुन्या बाई उठल्या म्हणजे दोन मिनिटांची शांतता सुरू झाली, असं सगळ्यांना वाटलं होतं. अख्खं सभागृह उभं होतं. माना खाली, हात जोडलेले. दादांनी डोळे मिटले होते. मास्तरांची मुलगीही मान खाली घालून उभी होती, पण तिनं एकदा डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं.

माझं तोंड उघडं होतं. इतक्या शांततेत मला एक शब्द बोलता आला नाही.

मी माणसं मोजली. त्रेसष्ट होती.

मग कुणीतरी "बसा" म्हणालं. सगळे बसले. मीही बसले.